प्रवाळाचा वैरी की राखणदार? : ट्रिगर माशाच्या निवडीचा इतिहास

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्यांच्या जगात एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : प्रवाळाच्या टाकीत ट्रिगर मासा ठेवावा का, आणि ठेवायचाच तर कोणता? प्रश्न वरकरणी निव्वळ छंदाचा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष का घालावे अशी शंका कोणी घेतली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु या प्रश्नाच्या पोटात वर्गीकरणाचा एक मोठा इतिहास दडलेला आहे असे आम्हांला वाटते. सजीवाला नाव कशावरून दिले गेले, त्याच्या कोणत्या गुणाकडे पाहिले गेले आणि कोणत्या गुणाकडे डोळेझाक झाली, त्याला 'निरुपद्रवी' किंवा 'उपद्रवी' कोणत्या जागी उभे राहून ठरवले गेले, या गोष्टी शब्दांशी व्यवहार करणाऱ्या माणसाला परक्या नसाव्यात. प्रस्तुत लेखात आम्ही त्या इतिहासाचा माग काढणार आहोत, आणि तो काढताना मूळ व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही टाळणार नाही.

हा विचार आम्ही यवतमाळ जिल्ह्यात बसून करतो आहोत, यालाही काही अर्थ आहे. यवतमाळ शहरापासून पश्चिमेचा अरबी समुद्र आणि पूर्वेचा बंगालचा उपसागर ही दोन्ही पाणी जवळपास सारखीच दूर आहेत. सरळ रेषेत साडेपाचशे ते पावणेसहाशे किलोमीटर. या जिल्ह्याचा समुद्राशी आलेला अर्वाचीन संबंध प्रामुख्याने कापसाचा. 'शकुंतला' या अरुंद रुळांच्या गाडीने येथील गाठी मुर्तिजापूरला आणि तेथून मुंबईच्या बंदराकडे जात. मात्र त्याहून कितीतरी जुना संबंध जमिनीखाली आहे. वणी, झरी-जामणी, मुकुटबन या पट्ट्यात जो चुनखडक सापडतो तो भूशास्त्रज्ञ पैनगंगा समूहात गणतात. तो एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचला, आणि साचला तेव्हा पृथ्वीवर मासेच काय, प्रवाळही जन्मास आले नव्हते. आज त्याच दगडावर सिमेंट तयार होते. प्रवाळ स्वतःचा सांगाडा ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, तेच द्रव्य वणीच्या दगडात आहे.

मनूचा मासा आणि मत्स्यन्याय

मासा भांड्यात वाढवण्याची आपल्याकडील सर्वांत जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून मनूच्या हाती एक लहान मासा येतो. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. का सांभाळायचे, याचे त्याने दिलेले कारण लक्षात घेण्याजोगे आहे : आम्ही लहान असतो तोवर आमचा फार नाश होतो, मासाच माशाला गिळतो. मनू त्याला आधी घड्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात ठेवतो. महापुराच्या कथेचा हा आरंभ आपण पुराणकथा म्हणून वाचतो. पण त्यात मत्स्यपालनाचा पहिला नियमही आलेला आहे : मासा वाढतो, आणि भांडे त्याच्याबरोबर वाढावे लागते.

त्या माशाने सांगितलेले भय पुढे राज्यशास्त्राची संज्ञा झाले. मोठा मासा लहान माशाला खातो, तसा दंडधर राजा नसेल तर बलवान दुर्बलाला खाईल, हा 'मत्स्यन्याय' कौटिल्याने अर्थशास्त्रात मांडला, महाभारताच्या शांतिपर्वात तो आला, मनुस्मृतीतही आला. या न्यायात मोजमाप एकच आहे, ते म्हणजे आकार. मोठा खाणारा आणि लहान खाद्य. कोणता मासा काय खातो, कोणाच्या दातांची ठेवण कशी, याचा विचार तेथे अप्रस्तुत होता, कारण शास्त्रकारांना माशांविषयी काही सांगायचेच नव्हते. त्यांना माणसांविषयी सांगायचे होते.

माशांविषयी खरोखर सांगू पाहणारा ग्रंथ आपल्याच परिसरात सिद्ध झाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. मराठीचे विद्यार्थी तो त्यातील जुन्या मराठी पद्यखंडांसाठी ओळखतात. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, मोठे की लहान, अशी विभागणी तेथे आहे, आणि कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे याचाही विचार आहे. ही राजाच्या करमणुकीसाठी, गळाच्या टोकाशी बसून केलेली विद्या होती हे खरे; पण माशाच्या तोंडाकडे पाहून त्याला ओळखण्याची रीत तिच्यात होती. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

नावे कशावरून पडली

आता ट्रिगर माशाकडे वळू. त्याच्या पाठीवर पुढच्या बाजूला एक जाड काटा असतो. तो उभा राहिला की त्यामागचा दुसरा, लहान काटा त्याच्या बुडाशी अडकतो आणि पहिला काटा जागीच पक्का होतो. मग त्याला कितीही दाबा, तो वाकत नाही. दुसरा काटा मात्र बोटाने दाबला की पहिला अलगद मिटतो, जसा बंदुकीचा घोडा दाबल्यावर चाप सुटावा. संकट आले की मासा खडकाच्या भेगेत शिरतो, काटा उभारून स्वतःला आत कुलूपबंद करतो. लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या कुळासाठी 'बॅलिस्टेस' हे नाव वापरले. त्याचे मूळ प्राचीन रोमनांच्या दगड आणि बाण फेकणाऱ्या यंत्राच्या नावात आहे. इंग्रजीने त्याला बंदुकीचा चाप केले. युरोपला हा मासा सर्वप्रथम शस्त्र म्हणून दिसला.

पुढची नावेही अशीच, दृष्टीला जे पहिल्यांदा भिडले त्यावरून पडली. १७९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात सुमात्राच्या आठ माशांची वर्णने प्रसिद्ध झाली. वर्णनकर्ता होता मंगो पार्क. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर दुय्यम शल्यवैद्य म्हणून तो बेंकुलेनला जाऊन आला होता. पुढे आफ्रिकेतील नायजर नदीच्या शोधासाठी जगभर गाजलेला पार्क तो हाच. त्याने वर्णिलेल्या आठांपैकी एक मासा हिरवट अंगावर नारिंगी तिरक्या रेघांचा होता. त्या रेघांवरून नाव पडले 'अंड्युलेटस', म्हणजे लहरींचा. १८०१ साली ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात दुसऱ्या एका ट्रिगरला चष्म्यावरून 'कॉन्स्पिसिलम' म्हटले गेले. काळ्या पोटावर मोठे पांढरे ठिपके असलेला हा मासा आज 'क्लाउन ट्रिगर' म्हणून ओळखला जातो. फ्रँकफुर्टचा प्रवासी-निसर्गज्ञ रूपेल याने १८३६ साली तांबड्या समुद्रातील एका ट्रिगरला 'नायजर', म्हणजे काळा, असे नाव दिले, जरी जिवंतपणी तो गडद निळ्या-जांभळ्या रंगाचा असतो. त्याचे दात लाल असतात, आणि वरच्या जबड्यातील दोन दात तोंड मिटल्यावरही बाहेर डोकावतात. रूपेलने या दातांची दखल घेतली होती; त्याने दिलेल्या प्रजातीनामाचा अर्थच 'विचित्र दाताचा' असा होता. ते नाव आधीच एका सर्पाला दिले गेले असल्याने पुढे बदलले आणि 'ओडोनस' झाले.

शस्त्र, रेघा, चष्मा, काळेपणा, दात : या नामावळीत माशाचे दर्शन आहे, त्याचे जगणे जवळजवळ नाही. यात नाव देणाऱ्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे बहुधा मेलेला, रंग उडू लागलेला नमुना असे. फ्रान्सिस डे या मद्रास सैन्यातील शल्यवैद्याने १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवरचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ट्रिगर आहेत. पण त्याचा पायाही मुख्यत्वे संग्रहातल्या आणि बाजारातल्या माशांवर होता. जिवंत मासा जवळून, रोज, वर्षानुवर्षे पाहायचा तर त्याला समुद्राबाहेर जिवंत ठेवण्याची विद्या हवी होती.

काचेतला समुद्र

ती विद्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये आकारास आली, आणि तिचा आरंभ माशाने झाला नाही, प्रवाळाने झाला. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ लंडनला घरी आणले आणि सांभाळून दाखवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे लागे, आणि ते काम घरची मोलकरीण करी. समुद्रापासून दूर समुद्र जगवायचा तर तो कोणाच्या तरी श्रमावर जगतो, हे त्या पहिल्याच प्रयोगात स्पष्ट झाले होते. आज ते काम विजेचे पंप करतात.

१८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काचेची टाकी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती. किनाऱ्यापासून दूरच्या लोकांसाठी गॉसने कृत्रिम समुद्रजलाची कृती दिली : साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. समुद्रात अल्प प्रमाणात असणारे चुन्याचे क्षार त्याने बाजूला ठेवले. शिंपल्यांच्या तुकड्यांतून तेवढा चुना मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. ज्या टाकीत थोडे मासे आणि समुद्रफुले ठेवायची तिला हे चालण्यासारखे होते. दगडी प्रवाळ वाढवायचा झाला की मात्र बाजूला ठेवलेला हाच चुना सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण प्रवाळ तो पाण्यातून रोज उचलत असतो.

भारतात समुद्री मत्स्यालय पहिल्यांदा मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ साली उघडले. मराठी मुलखाला ते सुख १९५१ साली मिळाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. विदर्भातून शाळेच्या सहलीने मुंबईला गेलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा प्रथम पाहिला असेल तो या वास्तूत. २०१५ मध्ये ते नव्या रूपात खुले झाले. पुढे इमारत धोकादायक ठरली आणि ते बंद झाले.

या सार्वजनिक मत्स्यालयांची रचना एका तत्त्वावर होती : टाकीत मासे असावेत, मागे शोभेचा खडक किंवा मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा असावा. अशा टाकीत ट्रिगर हा फार सोयीचा पाहुणा होता. तो काटक असतो, दिसायला ऐटदार, खाऊ घालणाऱ्याला ओळखू लागतो, आणि वर्षानुवर्षे जगतो. त्याच्यासोबत कोणाला ठेवावे एवढाच प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर मत्स्यन्यायाने मिळे : जो त्याच्या तोंडात मावणार नाही आणि त्याची दांडगाई सोसेल तो. खडक मेलेलाच असल्याने खडकाचे काय होईल हे कोणी विचारण्याचे कारण नव्हते.

टाकीचा धनी बदलतो

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र उलटे झाले. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली 'निसर्गपद्धती' सांगितली : समुद्रातला जिवंत खडक जसाच्या तसा टाकीत ठेवा, त्याच्यातले सूक्ष्मजीवच पाणी स्वच्छ राखतील. पुढच्या दोन दशकांत बर्लिनच्या छांदिष्टांनी त्याला प्रखर दिवे, चुन्याची भर आणि पाण्यातील सेंद्रिय मळ फेसावाटे काढणारे यंत्र यांची जोड दिली. पुढे ही पद्धत अमेरिकेत पसरली, आणि डेलबीक व स्प्रंग यांच्या १९९४ च्या ग्रंथाने तिला पाठ्यपुस्तकाची प्रतिष्ठा दिली. टाकीचा धनी आता प्रवाळ झाला आणि मासा त्याच्या घरचा भाडेकरू.

याच क्षणी 'रीफ-सेफ' हा शब्द जन्मास आला, आणि ट्रिगर संशयित ठरला. ज्या मजबूत जबड्यांचे काल कौतुक होते त्यांचाच आज धाक वाटू लागला. कोलंबी, खेकडे, गोगलगायी, शिंपले, समुद्रकाकडी, प्रवाळांची कोवळी टोके, सारे त्याच्या तोंडापुढे. सुरुवातीला साऱ्या कुळालाच बंदी झाली. मग अनुभवाने लोकांना कळत गेले की कुळात दोन स्वभाव आहेत, आणि ते ओळखायचे तर रंग पाहून चालत नाही, आकारही मोजून चालत नाही. मासा तोंड कोठे नेतो ते पाहावे लागते. सोमेश्वराच्या गळाचा धडा असा आठ शतकांनी परतला.

एक वर्ग खालून खातो. तळाशी, खडकाच्या भेगांत कवचधारी प्राणी शोधून ते फोडणारा हा वर्ग. मंगो पार्कचा लहरींचा मासा, क्लाउन, पिकासो आणि पाऊण मीटरपर्यंत वाढणारा टायटन हे सारे याच वर्गातले. प्रवाळाच्या टाकीत यांना जागा नाही, मग लहान वयात ते कितीही मोहक दिसोत. दुसरा वर्ग वरून खातो. खडकापासून दूर, खुल्या पाण्यात वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपणे हा त्याचा मुख्य उद्योग. त्यात पहिला मान हिंद-प्रशांत महासागरातल्या ब्लूथ्रोट ट्रिगरला द्यावा लागेल. १८३२ साली बेनेटने मॉरिशसच्या नमुन्यावरून तो नोंदवला. नराचा गळा निळा आणि परांची कड पिवळी असते, मादी साधी. जास्तीत जास्त तीस सेंटिमीटर, सहसा त्याहून लहान. नर-मादीची जोडी एकत्र राहू शकते. रूपेलचा लाल दातांचा काळा ट्रिगर दुसरा. प्रवाळाला तो सहसा त्रास देत नाही, पण समुद्रात अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो, म्हणून त्याला लहान टाकी म्हणजे शिक्षाच. 'मेलिक्थिस' प्रजातीचे ट्रिगर शेवाळही खातात. प्रवाळाबाबत ते बऱ्यापैकी विश्वासू, पण खेकड्या-कोलंबीबाबत त्यांची हमी कोणी देऊ नये.

येथे मत्स्यन्याय कसा कोलमडतो पाहा. अर्ध्या मीटरचा काळा ट्रिगर प्रवाळाला निर्धोक, आणि त्याच्या निम्म्या आकाराचा पिकासो त्याच टाकीत धुमाकूळ घालणारा. आकार खोटे सांगतो, तोंड खरे सांगते. तरीही प्रत्येक मासा आपल्या जातीच्या नियमाप्रमाणे वागेलच असे नाही. म्हणून जाणते लोक कोलंब्या आधी आणि ट्रिगर शेवटी सोडतात, टाकी किमान साडेचारशे-पाचशे लिटरची घेतात, भेगा-कपाऱ्या ठेवतात, वर झाकण ठेवतात कारण तो उडी मारतो, आणि दात झिजत राहावेत म्हणून अधूनमधून कवचासकट खाद्य देतात.

दोषी ठरलेल्या माशाची साक्ष

येथवरची कथा सरळ आहे : अज्ञानातून ज्ञानाकडे, आणि शेवटी चांगल्या-वाईटाची एक नीट यादी. परंतु या यादीत सर्वांत वाईट ठरलेल्या माशाविषयी केनियाच्या किनाऱ्यावरून वेगळीच साक्ष मिळाली. टिम मॅक्लॅनहन आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील प्रवाळभित्तींचा दीर्घकाळ अभ्यास केला. जेथे बेसुमार मासेमारी झाली होती तेथे काटेरी समुद्री साळिंदरांची, म्हणजे अर्चिनांची, संख्या फोफावली होती. हे अर्चिन शेवाळ खरवडताना त्याखालचा प्रवाळाचा खडकच पोखरून काढतात; भित्त बांधली जाण्यापेक्षा झिजते जास्त. या अर्चिनांना आवरणारा प्रमुख भक्षक कोण? तर मंगो पार्कचा तोच लहरींचा ट्रिगर. संरक्षित सागरी उद्यानांत तो टिकून होता म्हणून अर्चिन आटोक्यात होते. जेथून तो नाहीसा झाला तेथे मासेमारी थांबवल्यावरही त्याला परतायला फार वर्षे लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने त्याला प्रवाळभित्तीचा कळीचा भक्षक म्हटले.

म्हणजे जो मासा काचेतल्या प्रवाळाचा वैरी, तोच समुद्रातल्या प्रवाळाचा राखणदार. प्रवाळाची चार टोके तो समुद्रातही कुरतडतो, पण त्या बदल्यात सारी भिंत उभी ठेवतो. टाकीत चारच टोके असतात, आणि राखण्याजोगी भिंत नसते. मासा दोन्हीकडे तोच, त्याचे दात तेच, भूक तीच. बदलली ती जागा आणि तिचे क्षेत्रफळ. म्हणून 'रीफ-सेफ' या शब्दातील 'रीफ' हा समुद्रातील नव्हे. तो शब्द टाकीच्या मर्यादेचे वर्णन करतो, आणि आपण ते माशाच्या चारित्र्याचे वर्णन समजून बसतो. शब्दाची ही घसरण साहित्याच्या विद्यार्थ्याने ओळखली पाहिजे. विशेषण एका संदर्भात जन्मते, संदर्भ गळून पडतो, आणि विशेषण वस्तूला कायमचे चिकटते.

कोरड्या जिल्ह्यातील हिशेब

यवतमाळमध्ये ही घसरण केवळ शब्दांपुरती राहत नाही. कृषी विस्ताराच्या मराठीत 'मित्रकीटक' आणि 'शत्रूकीटक' हे शब्द रुळलेले आहेत. ढालकिडा मित्र, कारण तो मावा खातो, बोंडअळी शत्रू. विभागणी उपयोगाची आहे, पण फवारा ती वाचत नाही. तो मित्रालाही मारतो, आणि मित्र गेला की पुढच्या वेळी आणखी फवारावे लागते. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. त्या शोकांतिकेची कारणे अनेक होती : औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, दाट वाढलेले पीक. तिला एका शब्दाच्या माथी मारणे उथळपणाचे होईल. तरी भक्षकाला यादीतून वगळले की त्याने आवरलेले सारे मोकळे सुटते, हे केनियाच्या अर्चिनांवरून कळते आणि कापसाच्या शेतावरूनही कळते.

दुसरा हिशेब पाण्याचा. पाचशे लिटरच्या टाकीला दर लिटरमागे पस्तीस ग्रॅम या मानाने साडेसतरा किलो क्षार लागतात. ते विकत मिळतात. अवघड आहे ते गोडे पाणी. या जिल्ह्यातील भूजल जड आहे, आणि केळापूर, झरी-जामणी भागांत तर फ्लोराइडचा उपद्रव परिचयाचा. असे पाणी गाळणीतून शुद्ध करावे लागते, आणि घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडते. आठवड्याला टाकीचा दहावा हिस्सा बदलायचा तर पन्नास लिटरसाठी शंभर-दीडशे लिटर वेगळे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले तेव्हा यवतमाळ शहरात नळाला दोन-दोन आठवडे पाणी नव्हते. शिवाय टाकीचे पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहावे लागते, आणि येथील मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. थंड करणारे यंत्र अखंड चालावे लागते. अ‍ॅना थिन यांच्या खिडकीपाशी राबणारी मोलकरीण कोठेतरी अजून आहेच, ती फक्त दिसत नाही.

तिसरा हिशेब कायद्याचा. जुलै २००१ मध्ये भारताने सर्व दगडी प्रवाळांना, तसेच काळ्या प्रवाळांना व समुद्रपंख्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. आपल्या समुद्रातून असा प्रवाळ उचलणे हा गंभीर गुन्हा आहे, मग तो मालवणच्या खडकांवरचा असो वा लक्षद्वीपचा. सराफाच्या दुकानात मंगळासाठी मिळणारे पोवळे शतकानुशतके या कोरड्या मुलखात येत राहिले. ते भूमध्य समुद्रातून, मेलेले आणि घासलेले येई. जिवंत प्रवाळ हा त्याहून सर्वस्वी वेगळा व्यवहार आहे.

म्हणून आमचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. कायदेशीर मार्गाने आलेला प्रवाळ, पुरेसे पाणी आणि अखंड वीज यांची खात्री असलेल्या कोणी विचारलेच, तर ब्लूथ्रोट घ्यावा. मोठी टाकी असेल तर लाल दातांचा काळा ट्रिगर. लहरींचा आणि क्लाउन दुकानातच राहू द्यावेत. आणि ही खात्री नसेल, जशी या जिल्ह्यात बहुतेकांना नसते, तर जिवंत प्रवाळाचा मोह सोडावा. केवळ माशांची टाकी करावी किंवा गोड्या पाण्यात समाधान मानावे. पण लहरींच्या ट्रिगरला नाकारताना तो वाईट आहे असे मुलांना सांगू नये. आपली काच त्याला पुरत नाही, एवढेच सांगावे. मनूने आपल्या माशाला घड्यातून खड्ड्यात आणि खड्ड्यातून समुद्रात नेले होते, कारण घडा अपुरा पडल्याचा दोष त्याने माशाच्या वाढीला दिला नाही.